शेपूट

यंदा पालखीच्या दांडीला माझा खांदा नाही.
सारसोळ्याच्या बैठकीत चहा यायच्या आतच ठरलं,
हसुराम तांडेल शेपटाला.
कोणी हसलं नाही, म्हणून कळलं
शिक्षा नाही, काम दिलंय.

गेल्या चैत्रात चौकच्या शाळेत पोचून
पोहे खाऊन, पाय धुऊन, पेंगत पडलो होतो,
मोजले तर त्रेसष्ट.
निघालो होतो चौसष्ट.

चांगुणाकाकू शेडुंगच्या अलीकडे
बंद टपरीच्या फळीवर बसलेली,
टाच मांडीवर घेऊन, एखादं रडकं पोर घ्यावं तशी,
दोन तास.
"हाक नाय मारली," म्हणाली,
"नाच रंगला व्हता. मंग कशाला?"

त्या नाचात सगळ्यात पुढे मी होतो.

पौषापासून सराव चाललाय,
हळू चालायचा.
पहाटे साडेचारला पामबीचच्या कडेनं
काकू पुढे, मी मागे,
मधे चार पावलं.
दुसऱ्याच दिवशी माझ्या पोटऱ्या भरून आल्या.
जोरात चालताना अंग स्वतःला विसरतं,
हळू चालताना एकेक सांधा उठून हजेरी देतो.
करावेच्या सिग्नलपर्यंत तीनदा
तिच्या चपलेवर माझा पाय पडला.
चौथ्यांदा ती न वळताच म्हणाली,
"भरतीलापन ढकलून आनशील का रं?"

चाळीस वर्षं नेरूळभर मासळीची पाटी फिरवलेली बाई.
तिचं म्हणणं,
रिकामी पाटी माणसाला पळवते,
भरली पाटी पाय शहाणे करते.
निघताना डोक्यावर भरली पाटी आहे असं समजायचं,
पाणी ठिबकेल, सांडणार नाही, एवढीच चाल.
आणि बोलत राहायचं.
वाक्य मधेच तुटलं
की समजायचं पाय पुढे गेला, माणूस मागे राहिला.

म्हणून ती बोलते.
कुठल्या टॉवरखाली कोणाचं मिठागर होतं,
कोणाची सून कोणत्या बांधावर घसरली,
निवटे कुठे मिळायचे.
मी फक्त हं म्हणतो.
माझा हं तुटला तरी तिला कळतं.

काल मार्केटात, दिवसभर कांदा जोखतो त्याच काट्यावर
माझी पिशवी ठेवली. सव्वापाच किलो.
सुई, पांढरा दोरा, कापूस, हळद,
मीठ-साखरेच्या पुड्या, शिट्टी, लाल टॉर्च,
पाच, सात आणि नऊ नंबरच्या स्लीपर,
कोणाच्या ते अजून माहीत नाही.
माझा दुसरा सदरा काढला. पाच किलो.
सुगंधा म्हणाली, "आईला चाललाय
का दवाखाना काढताय?"

खरं सांगायचं तर खांदा ठणकतो.
अकरा वर्षांच्या दांडीनं उजवीकडे एक गाठ दिलीय,
ती रात्री कुशीवर झोपू देत नाही, विचारते
यंदा माझं काय?
यंदा बेंजो ऐकू येईल तो वाऱ्याच्या मर्जीनं.
बोरघाटात गुलाल माझ्यापर्यंत येईस्तोवर
डांबरावर बसलेला असेल.
मी कार्ल्याच्या पायऱ्या चढेन
तेव्हा आरतीचं ताट पुसून झालेलं असेल,
आणि एकवीरा आई, मला वाटतं,
जरा दमलेलीच असेल.

रविवारी शेवटचा सराव.
बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत.
अर्ध्या वाटेत काकू थांबली, बाजूला झाली,
"आता तू व्हय पुढं."

गेलो.
पुढे रिकामा रस्ता, डावीकडे झोपलेल्या इमारती,
उजवीकडे ओहोटीचा चिखल,
आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच
मला कळेना किती वेगानं चालायचं.
मागे तिची स्लीपर,
एक पट्टा सैल, म्हणून दोन आवाज,
फट्, आणि मग जरा उशिरानं
चप्.
मान न वळवता त्या चप् ची वाट बघत
पुढचं पाऊल टाकत गेलो.

किल्ल्याच्या सिग्नलला लाल दिवा होता.
एकही गाडी नव्हती.
तरी थांबलो.